वऱ्हाडातील जिन-मालकांची भागी : वाटाघाट आणि वाटे

बुलढाणा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात खामगावचे स्थान वेगळे आहे. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला आणि येथील कापूसपेठ मुंबई बंदराशी थेट जोडली गेली. त्या वेळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली ते बुलढाण्यात आले. लोहमार्गापाठोपाठ जिन व प्रेस उभे राहिले, हातरेचा मागे पडला, आणि सरकी वेगळी करण्याचे काम शेतकऱ्याच्या घरातून कारखान्यात गेले.

हा धंदा हंगामी. कापसाचे चार-पाच महिने सरले की यंत्रे थंड पडत. कारखाने वाढले तशी दरात चढाओढ लागली आणि तिच्यावर उपाय म्हणून मालकांनी आपसांत भागी करण्याचा मार्ग काढला. वऱ्हाड, खानदेश व गुजरात या प्रदेशांत ही प्रथा रूढ झाली.

अशा कराराची कलमे मुंबई उच्च न्यायालयापुढील १८९७ सालच्या एका दाव्यात स्पष्ट दिसतात. चार कारखान्यांनी दर पल्ल्यास साडेचार रुपये हा एकच दर ठरविला. त्यांपैकी दोन रुपये खर्चापोटी ज्याचे त्यास. उरलेले अडीच सामाईक निधीत. आणि निधीची वाटणी ज्याच्या त्याच्या यंत्रांच्या संख्येप्रमाणे. हा करार व्यापारास प्रतिबंध करणारा नाही, असे न्यायालयाने मानले.

वाटाघाटीचा खरा विषय दर हा नव्हता. वाटा कोणत्या मापाने मोजावा, हा होता. यंत्रसंख्या हे माप एकदा मान्य झाले की यंत्र चालते की बंद आहे, हा प्रश्न गौण ठरतो. म्हणूनच बंद कारखान्याचा मालकही वाट्याचा धनी होऊ लागला, आणि केवळ वाटा मागता यावा म्हणून नवा कारखाना उभारणे फायद्याचे ठरले. गरजेपेक्षा अधिक यंत्रांचा भार अखेर पिंजणावळीच्या नव्हे, तर जिनिंगच्या दरातून कापसावर, म्हणजे शेतकऱ्यावर पडला.

त्याच १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्याने बाजार समित्या, अडते, दलाल व मापारी यांस नियम घालून दिले. जिनच्या दाराआड ठरणारा दर मात्र त्या नियमांबाहेर राहिला. पुढे १९१७-१९ च्या भारतीय कापूस समितीने या प्रश्नांचा विचार केला. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याचा मुख्य रोख मात्र नोंदवह्या व गठाणींवरील खुणा यांवर होता.

भागीच्या भाषेत हिस्से रुपयातील आण्यांनी मोजले जात. सोळा आणे भरले की हिशेब पुरा. वऱ्हाडातील बटईच्या शेतीत कसणारा निदान एका हिश्शाचा धनी असे. जिन-मालकांच्या सोळा आण्यांत कापूस पिकविणाऱ्याची एक पैही धरलेली नव्हती. ते सोळा आणे भरत मात्र त्याच्याच कापसातून.