‘राजा हरिश्चंद्र’सोबतचे विस्मृत कलावंत
३ मे १९१३. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात झळकला. मात्र त्या खेळात केवळ चित्रपट नव्हता. जाहिरातीत मिस आयरिन डेलमार यांचे नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचे प्रहसन आणि पायांनी कसरती करणारा अलेक्झांडर हेही होते. एकाच तिकिटात नृत्य, विनोद आणि कसरत, ही लंडनच्या ‘म्युझिक हॉल’ची रीत.

विरोधाभास पाहा : रंगमंचावर नाचायला स्त्री होती, पडद्यावरील तारामती मात्र अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली, कारण चित्रपटात काम करण्यास स्त्री मिळेना. पुढे फाळके यांनी नाशिकला मुक्काम हलवला आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर अवतरल्या. ती उणीव अखेर नाशिकने भरून काढली.