दिवे मोजण्याची युक्ती

वाचकहो, लघु-गुरू आपल्याला नवे नाहीत. तीन अक्षरांचे गण आठ. त्यांत एकही गुरू नसलेला गण एक, एक गुरू असलेले तीन, दोन असलेले तीन आणि तिन्ही गुरू असलेला एक. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिताना हलायुधाने ही मोजणी मेरुप्रस्तारात मांडून दाखवली.

संगणकही दोनच खुणांवर चालतो, शून्य आणि एक. तेव्हा संख्येत एक किती, हा प्रश्न तिथेही येतो. पण त्याचे एवढे महत्त्व काय? सांगतो.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर गणिते लावून जात. यंत्राला चूक आढळली की ते काम सोडून पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तर उत्तर नाही! चूक कळते, तर दुरुस्त का होऊ नये? या त्राग्यातून १९५० साली त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. दोन शब्द शेजारी ठेवा, फरक असेल तिथे एक लिहा. त्या एकांची संख्या म्हणजे दोहोंतले अंतर. संकेताचे शब्द एकमेकांपासून निदान तीन अंतरावर ठेवले, की एका जागी बिघडलेला शब्द मुळात कोणता होता ते ओळखता येते.

आता हे एक मोजायचे कसे? एकेक घर तपासावे, तर रिकामी घरेही तपासावी लागतात. १९६० साली पीटर वेग्नर यांनी सोपी वाट छापून दाखवली. ४४ ही संख्या घ्या. दोनाच्या पद्धतीत ती १०११००. एक वजा करा: १०१०११. आता दोन्ही ओळींत जिथे एक आहे, तेवढेच ठेवा: १०१०००. पाहिलेत? उजवीकडचा शेवटचा दिवा तेवढा विझला! असेच पुन्हा करा: १०००००. आणखी एकदा, की सारी शून्ये. तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे एकही तीनच.

यात जादू नाही. वजाबाकीत उसना घ्यायला आपण डावीकडे पहिल्या भरल्या घरापर्यंत जातो. तेच घर इथे रिकामे होते. त्याच्या डावीकडे काही हलत नाही.

पुढे १९६४ च्या सीडीसी ६६०० सारख्या यंत्रांत या मोजणीसाठी स्वतंत्र आज्ञाच होती. पण गुरुजी, उद्या वर्गात मुलांना उसना घ्यायला शिकवाल, तेव्हा एवढे जरूर सांगा: याच उसन्यावर संगणकाची एक नामी युक्ती उभी आहे.