पडद्यावरचा राउंड

अमेरिकेत मेडिकलच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चार-चार आठवडे परक्या हॉस्पिटलात जाऊन काम करतात. पहाटे पेशंट तपासायचे, राउंडला केस सांगायची, ऑपरेशनला रिट्रॅक्टर धरून उभं राहायचं. हे 'अवे रोटेशन'. ऑर्थोपेडिक्स किंवा न्यूरोसर्जरीसारख्या मोजक्या जागांच्या शाखांत ती महिनाभर चालणारी मुलाखतच असते.

या पारखण्याचं मूळ रेसिडेन्सीतच, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणातच आहे. १८८९ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं आणि ऑस्लर, हॉलस्टेड या तिथल्या प्राध्यापकांनी तरुण डॉक्टरांना हॉस्पिटलातच राहायला लावून घडवलं. १९५२पासून रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप 'मॅच'मधून होऊ लागलं: उमेदवार आणि हॉस्पिटल दोघेही पसंतीक्रम देतात, त्यावरून जोड्या जुळतात. गुण कागदावर दिसतात. थकलेला मुलगा नर्सशी कसा बोलतो, ते सोबत काम केल्यावरच कळतं.

१७ मार्च २०२० रोजी कोविडमुळे विद्यार्थ्यांना पेशंटपासून दूर ठेवण्याची सूचना आली. मे महिन्यात वैद्यकीय संस्थांच्या संयुक्त गटाने अवे रोटेशन टाळायला सांगितलं; ज्यांच्या कॉलेजात ती शाखाच नाही, अशांना तेवढी सूट. मग ठिकठिकाणच्या विभागांनी आपापल्या परीने व्हर्च्युअल रोटेशन उभं केलं. रेसिडेंट स्टँडवरचा टॅबलेट खाटेखाटेशी ढकलत नेई आणि घरी बसलेला विद्यार्थी केस मांडे. सर्जनच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून ऑपरेशन दिसे. संध्याकाळी प्राध्यापकांना वगळून रेसिडेंटांशी गप्पा होत. ड्यूट्या किती, घरभाडं किती, हे तिथेच विचारता येई.

रेडिओलॉजीचं यात फारसं बिघडलं नाही, ते काम मुळात पडद्यावरचंच. सर्जरीचं मात्र बिघडलं. विचार कसा करतो ते कॅमेऱ्यात दिसतं, पण पोट दाबून कडकपणा ओळखणारी बोटं कॅमेऱ्यापुढे तयार होत नाहीत. तरीही मला हा प्रकार मोलाचा वाटतो, तो पैशामुळे. अवे रोटेशन म्हणजे प्रवास आणि दुसऱ्या शहरातलं भाडं, तेही कर्ज काढून शिकणाऱ्याने भरायचं. मुंबई-पुण्याहून एमबीबीएस करून रेसिडेन्सीसाठी धडपडणाऱ्यांना तर आधी व्हिसा हवा, आणि त्या वर्षी वकिलातींतली नेहमीची व्हिसाची कामं काही महिने बंद होती.

पुढच्या वर्षी प्रत्येकाने बाहेरचं एकच रोटेशन प्रत्यक्ष करावं अशी शिफारस झाली, नंतर तीही सैल झाली. रेसिडेन्सीच्या मुलाखती बहुतेक ऑनलाइनच राहिल्या. काही विभागांनी, येणं परवडत नाही अशांसाठी, व्हर्च्युअल रोटेशनही चालू ठेवलं आहे.