खेळाडू विद्यार्थी आणि प्रभूचा दिवस

मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या संघात निवडली गेली की घरात आनंद होतो. पुढे सामन्यांचे वेळापत्रक हाती येते आणि पुष्कळदा त्यात रविवारची सकाळ असते. एका रविवारी मिस्सा चुकते, मग दुसऱ्या रविवारी. हंगाम संपेपर्यंत सवयच सुटलेली असते. आईवडील रागावतात, मुले गप्प बसतात. म्हणून याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे आणि दोन खेळाडू विद्यार्थी आपल्या श्रद्धेला कसे जागले, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ख्रिस्तसभा आणि खेळ

खेळ हा श्रद्धेचा शत्रू आहे, असे ख्रिस्तसभा मानीत नाही. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत असत. त्याच नगरातील श्रद्धावंतांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात संत पौल धावपटूचे उदाहरण देतात. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी स्वतःच्या देहाला शिस्त लावतो. मग अविनाशी मुकुटासाठी आपण किती झटावे, हा त्यांचा मुद्दा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑक्टोबर २००० रोजी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्साबलिदान अर्पण केले. १ जून २०१८ रोजी तर व्हॅटिकनने खेळ या विषयावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला.

एरिक लिडेल

एरिक लिडेल यांचा जन्म १९०२ साली चीनमधील तिएन्त्सिन येथे स्कॉटिश मिशनरी कुटुंबात झाला. ते कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट होते. एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकत असताना ते स्कॉटलंडकडून रग्बी खेळले आणि वेगवान धावपटू म्हणून नावाजले गेले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, ६ जुलै रोजी होती. प्रभूच्या दिवशी धावायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. वेळापत्रक अनेक महिने आधीच कळले होते. तेव्हाच त्यांनी या शर्यतीतून माघार घेतली आणि चारशे मीटरचा सराव सुरू केला. ९ जुलैला दोनशे मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. ११ जुलैला चारशे मीटरची शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविले.

मात्र 'रविवार पाळला म्हणून पदक मिळाले' असा हिशेब कोणी मांडू नये. माघार घेताना चारशे मीटरमध्ये काय घडेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. पदक मिळाले नसते तरी त्यांचा निर्णय तितकाच खरा ठरला असता.

पुढे १९२५ मध्ये ते शिक्षक आणि मिशनरी म्हणून चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइश्येन येथील छावणीत स्थानबद्ध केले. तेथील मुले रविवारी हॉकी खेळताना भांडू लागली. तेव्हा याच लिडेल यांनी रविवारी पंचाचे काम पत्करले. ज्या नियमासाठी त्यांनी शर्यत सोडली होती, तोच नियम त्यांनी मुलांवरील प्रेमापोटी शिथिल केला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीच्या आजाराने छावणीतच त्यांचे निधन झाले.

संत पिएर जॉर्जिओ फ्रासाती

दुसरे उदाहरण आपल्या वेदीवरील आहे. पिएर जॉर्जिओ फ्रासाती हे इटलीतील तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये खाण अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. गिर्यारोहण आणि स्कीइंग यांची त्यांना विलक्षण आवड होती. मात्र डोंगराची वाट धरण्यापूर्वी ते मिस्सेला जात आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेमार्फत गरिबांच्या घरी भेटी देत. ४ जुलै १९२५ रोजी पोलिओने वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना संतपद बहाल केले.

ख्रिस्तसभेचा नियम

रविवारी खेळणे हे पाप आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभा शिकवीत नाही. रविवारी मिस्सेत सहभागी होणे मात्र बंधनकारक आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२४८ व्या कलमानुसार आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी सायंकाळी मिस्सेत सहभागी झाल्यानेही हे बंधन पूर्ण होते. १२४५ व्या कलमानुसार योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू विशिष्ट प्रसंगी सूट देऊ शकतात. मात्र ती आधी मागावयाची असते; सामना झाल्यावर शोधलेली सबब म्हणजे सूट नव्हे.

पालकांना आणि खेळाडूंना

वेळापत्रक हाती येताच ते घरी सर्वांनी मिळून पाहावे आणि शनिवारची किंवा रविवारची कोणती मिस्सा गाठता येईल, हे तेव्हाच ठरवावे. सामना परगावी असेल तर तेथील चर्चमधील मिस्सेची वेळ आधीच विचारून ठेवावी. प्रशिक्षकांशी नम्रपणे बोलावे. अनेक अडचणी केवळ न बोलल्यामुळे वाढतात. पालकांनीही मुलाला 'खेळ की देव' अशा कैचीत धरू नये.

लिडेल आणि फ्रासाती यांनी खेळ सोडला नाही. आपल्या आठवड्यात प्रभूला आधी जागा दिली आणि उरलेल्या वेळेत ते मनापासून खेळले. आमच्या धर्मग्रामांतील खेळाडू मुलामुलींना हीच बुद्धी लाभो, अशी आम्ही प्रभूचरणी प्रार्थना करतो.