पुनरागमन आणि स्मृतीचा अधिकार

विज्ञानकथामालिकेच्या पुनरुज्जीवनाकडे समीक्षेने बहुधा निर्मात्याच्या बाजूनेच पाहिले आहे. जुनी संहिता, नवी संहिता आणि त्यांमधील नाते एवढ्यावर विवेचन थांबते. चाहत्यांची प्रतिक्रिया भाबडी म्हणून बाजूला सारली जाते. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा इतिहास पाहता ही विभागणी टिकत नाही.

ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली आणि 6 डिसेंबर 1989 रोजी खंडित झाली. तिच्या 1960 च्या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती खुद्द बी.बी.सी.ने पुढे पुसून टाकल्या. हरवलेल्या भागांचा ध्वनी मात्र शिल्लक आहे, आणि तो प्रक्षेपणाच्या वेळी घरच्या संचासमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या मोजक्या प्रेक्षकांमुळे. हस्तलिखितांच्या परंपरेत नकलकाराचे जे स्थान असते, तेच येथे चाहत्याला लाभले. संहितेचा भूतकाळ आपला आहे हा त्याचा दावा म्हणूनच केवळ भावनिक म्हणता येत नाही. त्याला वस्तुनिष्ठ आधार आहे.

जॉन टलक आणि हेन्री जेन्किन्स यांनी 1995 च्या ग्रंथात या वर्गाला ‘सत्ताहीन अभिजन’ म्हटले होते : संहितेचे ज्ञान सर्वाधिक, तिच्या निर्मितीवर अधिकार शून्य. संज्ञा नेमकी होती, पण तिचे आयुष्य अल्प ठरले. मालिका बंद असताना 1991 पासून निघालेल्या कादंबऱ्या बव्हंशी चाहत्यांनीच लिहिल्या. रसेल टी. डेव्हिस यांची त्यांतली कादंबरी 1996 ची; 26 मार्च 2005 रोजी मालिका परतली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. पॉल कॉर्नेल यांची 1995 ची ‘ह्यूमन नेचर’ 2007 मध्ये मालिकेचाच भाग झाली. 1986 मध्ये बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात तरुण चाहता म्हणून मालिकेवर टीका करणारे ख्रिस चिबनॉल पुढे तिचे प्रमुख लेखक झाले, आणि 2020 च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागात नायकाचा उगमच बदलल्याबद्दल त्यांना चाहत्यांचाच रोष पत्करावा लागला. याऊस यांचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ येथे लेखकाच्या बाहेर उरलेले नाही. ते त्याच्याच आत आहे.

परतणाऱ्या पात्राचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. 1966 पासून या मालिकेचा नायक देह बदलत आला आहे. त्याच्या चेहऱ्यावर काळ दिसत नाही. तो दिसतो त्याच्या मानवी सहप्रवाशांच्या चेहऱ्यावर. 1976 मध्ये निरोप घेतलेली सारा जेन स्मिथ 29 एप्रिल 2006 च्या ‘स्कूल रीयुनियन’मध्ये परतली, तेव्हा एलिझाबेथ स्लेडन साठ वर्षांच्या होत्या. डॉक्टर आपल्यासाठी परत का आला नाही, ही तिची तक्रार होती. वास्तविक 1983 च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये त्या दोघांची भेट झालेली होती, आणि जाणत्या प्रेक्षकाला ते ठाऊक होते. तरीही ही विसंगती पुष्कळांनी सहज पचवली. चाहता तपशिलाचा दास असतो, या समजुतीला येथेच तडा जातो. तपशील मोडला तरी चालतो. प्रतीक्षेचे मोल राखले गेले पाहिजे.

डोना नोबलच्या बाबतीत तेच राखले गेले नाही, अशी अनेकांची भावना होती. 5 जुलै 2008 च्या ‘जर्नीज एंड’मध्ये तिचा जीव वाचविण्यासाठी डॉक्टर तिच्या सर्व सहप्रवासाची स्मृती पुसतो, ती नको म्हणून विनवीत असताना पुसतो. चाहत्यांचा आक्षेप शोकान्ताला नव्हता; संमतीवाचून झालेल्या या कृतीला होता. तो नैतिक वाचनाचाच प्रकार होता. ज्या समूहाच्या सामूहिक स्मृतीत पुसलेल्या चित्रफिती आहेत, त्याला पुसलेल्या मनाची कथा इतकी झोंबावी, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

25 नोव्हेंबर 2023 च्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये डेव्हिस यांनी कॅथरीन टेट आणि डेव्हिड टेनंट यांना परत आणले आणि डोनाची स्मृती तिला परत केली. जीवघेणा भार तिच्या मुलीत, रोझमध्ये, वाटला गेला होता. उरलेला दोघींनी स्वेच्छेने सोडून दिला. काहींना हे पंधरा वर्षांचे ऋण फिटल्यासारखे वाटले. इतरांनी विचारले, की सोडून देणे इतके सोपे होते, तर 2008 मधील विनवणीला अर्थ काय उरला? माझा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. 2008 चा शेवट अन्याय्य होता म्हणूनच तो इतकी वर्षे वाचकाच्या मनात काम करीत राहिला. लेखकाने तक्रार मान्य केली, आणि ती करणाऱ्यांपैकी कित्येकांनाच आपली तक्रार हरवल्याचे जाणवले.