पॅलिसरचा त्रिकोण : दोन अहवाल व एक तहानलेला मुलूख

कॅनडा देशांतील आल्बर्टा व सास्काचेवान या प्रांतांच्या दक्षिणभागीं वृक्षहीन, गवताळ मैदान पसरलेलें आहे. वस्ती विरळ, शेतें विस्तीर्ण व पाणी दुर्मिळ, असें या मुलुखाचें स्वरूप आहे. त्याविषयींचे दोन जुने अहवाल परस्परविरोधी असून त्या विरोधाची किंमत पुढें हजारों कुटुंबांस द्यावी लागली. म्हणून त्यांची छाननी करणें अगत्याचें आहे.

कॅप्टन जॉन पॅलिसर यानें ब्रिटिश सरकारच्या साहाय्यानें इ. स. १८५७ ते १८६० या काळांत या प्रदेशाची पाहणी केली. अमेरिकेच्या सरहद्दीवर पाया असलेला एक त्रिकोण रुक्ष असून वसाहतीस अयोग्य आहे, असा अभिप्राय त्यानें दिला. उलटपक्षीं वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मॅकून यास १८७९ व १८८० सालीं तीच भूमि हिरवीगार दिसली व त्यानें ती गव्हास योग्य ठरविली. दोघांपैकीं खोटा कोणीच नव्हे. पॅलिसरचीं सालें कोरडीं होतीं, मॅकूनचीं पावसाचीं.

भूमीची रचनाहि पाहणारास चकविते. क्वापेल नदीची दरी मैलभर रुंद, पण प्रवाह क्षीण. कारण ती दरी हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनीं कोरली आहे. ओल्ड वाइव्ह्ज सरोवरास तर बाहेर वाटच नाहीं. वुड नदीचें पाणी तेथें येऊन आटतें व मागें क्षार उरतो.

१८७२ च्या कायद्यानें दहा डॉलर फी घेऊन १६० एकर जमीन देण्याचें ठरलें. सहा मैलांच्या चौरसांनीं मुलूख आंखला गेला. त्या सरळ रेषांस ओढ्यांचें वळण ठाऊक नव्हतें. मॅकूनच्या अहवालानें वसाहतवाल्यांचा हुरूप वाढला. पुढें १९३० नंतर अवर्षण पडलें, माती उडाली, धान्याचे भाव कोसळले. सास्काचेवानची लोकसंख्या १९३१ सालीं ९,२१,७८५ होती, ती १९४१ सालीं ८,९५,९९२ वर आली.

दक्षिण सास्काचेवान नदीस बांध घालून तिचें पाणी क्वापेलच्या दरींत वळवावें, ही कल्पना हेन्री हाइंड यानें १८५८ च्या पाहणीनंतर मांडली होती. त्या नदीवरील गार्डिनर धरण पुरें होण्यास १९६७ साल उजाडलें.

तात्पर्य, पाहणीचा जुना कागद हातीं येतांच त्यावरील मिती वाचावी, आणि त्या सालीं पाऊस कसा झाला तेंहि शोधावें. कागद अस्सल असला तरी तो आपल्या सालापुरताच साक्षी असतो.