सलाईन : केव्हा द्यावे, केव्हा थांबावे

रुग्ण अत्यवस्थ झाला की आप्तांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘सलाईन’. शिरेवाटे द्रव देण्याच्या या उपचाराचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. तो जितका द्रव देण्याचा, तितकाच ते कोणास व केव्हा द्यावे या निर्णयाचाही आहे.

१८३१ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ पसरली. त्या काळी रुग्णाचे रक्त काढणे हाच उपाय रूढ होता. विल्यम ओ’शॉनेसी या तरुण डॉक्टरांनी रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार कमालीचे घटल्याचे दाखविले. मे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. अर्ध्या तासात तीन लिटरांहून अधिक द्रव गेले. नाडी लागली, चेहऱ्यावर तेज आले. मात्र जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव पुन्हा दिले गेले नाही आणि काही तासांतच ती दगावली. एकदा देऊन भागत नाही, रुग्णावर सतत लक्ष हवे, हा धडा लॅटा यांनी घेतला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी या निर्णयाला मापाची जोड दिली. रक्ताचे विशिष्ट गुरुत्व मोजून किती द्रव द्यावे हे ते ठरवीत. पुढे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. ज्याला पिता येते त्याला शिरेतून देण्याची गरज बहुधा नसते, हे तेथे सिद्ध झाले.

तथापि सर्वांत मोठा धक्का २०११ साली बसला. केनिया, युगांडा व टांझानिया येथील ३,१४१ तापग्रस्त, अत्यवस्थ बालकांवरील अभ्यासात, जुलाबाचे रुग्ण वगळून, काहींना आरंभीच वेगाने द्रव देण्यात आले. अठ्ठेचाळीस तासांत त्यांच्यापैकी सुमारे साडेदहा टक्के दगावली. ज्यांना असे द्रव दिले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. जीवनदायी मानलेला उपचार अस्थानी केल्यास घातक ठरू शकतो, हे कटू सत्य वैद्यकाला स्वीकारावे लागले.

द्रव अधिक झाले की ते रक्तवाहिन्यांतून पाझरून फुप्फुसांत व ऊतींत साचते आणि श्वास जड होतो. म्हणून आज अतिदक्षता विभागात रक्तदाब, लघवीचे प्रमाण व रक्तातील लॅक्टेट पाहिले जाते. रुग्णाचे पाय उंच करून पायांतील रक्त हृदयाकडे वळविले जाते. त्याने हृदयाचे कार्य वाढले तरच आणखी द्रवाचा उपयोग संभवतो. मात्र पटकी वा तीव्र जुलाबाने शरीर शुष्क झाले असेल, तर क्षणाचाही विलंब परवडत नाही.

म्हणूनच डॉक्टरांनी सलाईन लावले नाही, तर ती उपेक्षा असे मानण्याची घाई आप्तांनी करू नये. पुष्कळदा तो दोनशे वर्षांच्या अनुभवातून आलेला विवेक असतो.